नव्व्याण्णव टक्के

मार्च उजाडला की आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर लॅबच्या जाहिराती येऊन पडायला लागतात. गुलाबी रंग, गुलाबी रिबन, महिला दिनाची खास सवलत, आणि खाली ठळक अक्षरांत ओळ: 'स्तनाचा कर्करोग लवकर सापडला तर ९९ टक्के बरा होतो.' यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी ती जाहिरात मला वेगळी पाठवली आणि वर विचारलं, "तुम्ही आकडेमोडीतल्या. खरं आहे का हो हे?"

डोंबिवलीत ज्युनिअर कॉलेजात गणित आणि संख्याशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. मी डॉक्टर नाही. पण टक्केवारी दिसली की तिच्या खाली काय आहे ते उचकटून बघायची खोड काही निवृत्तीबरोबर गेली नाही. त्यामुळे वहिनींना 'हो' किंवा 'नाही' एवढंच कळवायचं होतं, त्याऐवजी हे लिहायला बसले.

आकडा खोटा नाही. तो अमेरिकेचा आहे. तिथे निदानाच्या वेळी गाठ स्तनापुरतीच असेल, काखेतल्या ग्रंथींपर्यंत किंवा पुढे गेलेली नसेल, तर त्याच वयाच्या इतर बायकांच्या तुलनेत अशा ९९ टक्के बायका पाच वर्षांनी हयात असतात. बस, एवढंच तो आकडा सांगतो. 'बरा होतो' हे शब्द त्यात कुठेच नाहीत, ते जाहिरात लिहिणाऱ्याने पदरचे घातले. पाच वर्षांची अट मात्र त्याने गाळली. आणि माझा सगळा राग त्या गाळलेल्या पाच वर्षांवर आहे, कारण माझ्या मामीने ती पूर्ण केली होती.

मामी बार्शीजवळच्या खेड्यातली. वयाची पंचावन्न उलटून गेलेली. आंघोळ करताना उजवीकडे, काखेच्या जरा खाली तिच्या हाताला गाठ लागली. बायका लाजतात, लपवतात, घरात कार्य आहे म्हणून पुढे ढकलतात असं सगळे म्हणतात. असतीलही तशा. मामीने त्याच आठवड्यात मामांना सांगितलं आणि दोघं तालुक्याच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी विचारलं, "दुखते का?" मामी म्हणाली, "नाही बा, अजिबात नाही." "मग काय घाबरायचं कारण नाही," असं म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. पुढच्या डॉक्टरांनी चरबीची गाठ ठरवली. गाठ दुखत नाही हीच खरी शंका घेण्याजोगी गोष्ट असते, हे त्या दोघांपैकी कुणी बोललं नाही. सुगी झाली, पाऊस झाला. कातडीला बारीक खळगे पडायला लागले आणि बोंड आत ओढलं गेलं, तेव्हा मामेभावाने तिला गाडीवर घालून बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात नेलं. तिथे सुई टाकली, मग तुकडा काढून तपासला. तिसरी स्टेज. आधी किमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशनचा शेक, मग रोजची गोळी. जीवनदायी योजनेत बसलं म्हणून जमीन वाचली.

त्यानंतर मामी घरी हिंडती फिरती होती. शेळ्या बघायची, पापड लाटायची, उजवा हात सुजायचा तर डाव्याने लाटायची. पाच वर्षं झाली तेव्हा तिने घरात पुरणपोळी केली. सहाव्या वर्षी पाठीत कळा सुरू झाल्या. आजार हाडांत उतरला होता. ती गेली.

देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीत १९८७ साली सुरू झाली. गावोगाव फिरून कुणाला कधी कॅन्सर झाला, कोण कधी गेलं याची नोंद तिथे होते. त्या वहीत मामीचीही एक ओळ असेल. आणि पाच वर्षांचा हिशेब मांडला की ती ओळ 'वाचल्या' या रकान्यात जाईल. चूक कुणाचीच नाही. रकानाच तसा आहे.

आता समजा, कुठल्याशा यंत्राने मामीची गाठ दोन वर्षं आधी पकडली असती, आणि तरीही ती त्याच महिन्यात, त्याच तारखेला गेली असती. मग तिच्या नावापुढे निदानानंतरची साताहून जास्त वर्षं लागली असती. आयुष्य एका दिवसानेही वाढलं नसतं. पेशंट म्हणून जगण्याची मुदत तेवढी वाढली असती. कर्जतला गाडीत बसलेली बाई आणि ठाण्याला चढलेली बाई सीएसएमटीला एकाच मिनिटाला उतरतात. कर्जतवालीचा प्रवास लांबचा झाला म्हणून गाडी उशिरा पोचली असं कुणी म्हणत नाही. निदानापासून पुढे मोजायला लागलं की मात्र नेमका हाच घोळ होतो. तपासणी काहीही न करता 'जगण्याची वर्षं' वाढवून दाखवू शकते, नुसतं घड्याळ लवकर सुरू करून.

दुसरा घोळ याहून चिवट आहे. सगळ्या गाठी सारख्या वेगाने वाढत नाहीत. काही वर्षानुवर्षं रेंगाळतात, काही दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच उसळतात. ठरावीक अंतराने चाळणी लावली की चाळणीत सापडणार त्या मुख्यतः रेंगाळणाऱ्या. ज्या मुळात जीवघेण्या नव्हत्या, त्याच जास्त हाती लागतात. त्यात काही तर अशा असतात की त्या बाईला आयुष्यभर कधी कळलंही नसतं. दूधनलिकेच्या आतच थांबलेले कितीतरी कॅन्सर त्यातले. पण एकदा दिसल्यावर ते ठेवायचे की काढायचे हे सूक्ष्मदर्शकाखाली बघून आज कुणाला नक्की सांगता येत नाही. म्हणून काढले जातात. ऑपरेशन होतं, शेक होतो, आणि या सगळ्या बायका 'लवकर सापडल्या, वाचल्या' या ढिगात जमा होतात. जाहिरातीतल्या ९९मध्ये नलिकेच्या आतले कॅन्सर धरलेले नाहीत, पण रेंगाळणाऱ्या गाठींनी तो आकडाही असाच फुगतो.

मग तपासणीने मरण खरोखर टळतं का, हे कसं कळायचं? उपाय एकच आहे आणि तो फार महागडा, फार कंटाळवाणा आहे. हजारो बायका घ्यायच्या, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे, एकाला तपासणी द्यायची, दुसऱ्याला नाही, आणि मग दहा, पंधरा, वीस वर्षं दोन्हीकडे स्तनाच्या कॅन्सरने किती बायका गेल्या ते मोजत बसायचं. भागाकारात खाली रुग्णांची संख्या घ्यायची नाही, गटातल्या सगळ्या बायकांची घ्यायची. मग घड्याळ कधी सुरू झालं याने काही फरक पडत नाही.

हे पहिल्यांदा झालं न्यूयॉर्कमध्ये, १९६३च्या डिसेंबरात. एका आरोग्य विमा योजनेतल्या ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२ हजार बायका होत्या. निम्म्यांना मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, आणि डॉक्टरांच्या हाताने तपासणी, दोन्ही दिलं. ते काम करणाऱ्यांतले रेडिओलॉजिस्ट फिलिप स्ट्रॅक्स यांची बायको तरुणपणीच याच आजाराने गेली होती. निकाल उत्साहाचा निघाला, मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने कमी झाले. स्वीडनमधल्या दोन परगण्यांत १९७७ पासून नुसत्या मॅमोग्राफीचा प्रयोग झाला. १९८५ साली तिथून ३१ टक्के घट जाहीर झाली आणि जगभर सरकारी कार्यक्रमांना जोर चढला. कॅनडात १९८० पासून जवळजवळ ९० हजार बायकांवर मॅमोग्राफीचा प्रयोग झाला, पण तिथे पंचवीस वर्षांनीही काही फरक दिसला नाही. त्या कॅनडाच्या निकालावरून तज्ज्ञ अजून एकमेकांच्या झिंज्या उपटतात. मी त्यात पडत नाही. शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या २ लाख ६६ हजार बायकांना आपली आपण तपासणी कशी करायची हे नीट शिकवून, पुन्हा पुन्हा उजळणी करून घेतली. दहाएक वर्षांनी मोजलं तर शिकवलेल्या गटात १३५ मृत्यू, न शिकवलेल्या गटात १३१. निरुपद्रवी गाठींची काढाकाढी मात्र शिकवलेल्या गटात खूप जास्त झाली. आरशासमोर उभं राहून महिन्यातून एकदा तपासा, असं सांगणारी पत्रकं आजही वाटली जातात, त्यांच्या पाठीमागे एवढाच पुरावा आहे. स्वतःच्या शरीरात काही वेगळं वाटलं तर दाखवायचं, ही गोष्ट निराळी. मामीने तेच केलं होतं.

आता परळला येते, कारण मला खरं सांगायचंय ते परळचं.

न्यूयॉर्कच्या प्रयोगात एक बारीक गोष्ट होती जी पुढे फारशी कुणी लक्षात ठेवली नाही. तिथल्या बऱ्याचशा गाठी मॅमोग्राममध्ये दिसल्याच नव्हत्या, नुसत्या हाताला लागल्या होत्या. परळच्या टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचे डॉ. इंद्रनील मित्रा १९९०च्या दशकात हेच धरून बसले होते: मृत्यू कमी झाले त्यातलं श्रेय यंत्राचं किती आणि बोटांचं किती? हा प्रश्न लंडनमध्ये बसून विचारला तर बुद्धीची चैन आहे. मुंबईत तो पैशांचा आणि माणसांचा प्रश्न आहे. मॅमोग्राफीला यंत्र लागतं, वीज लागते, फिल्म वाचणारा रेडिओलॉजिस्ट लागतो. बोटं सगळ्यांना असतात, ती शिकवावी लागतात.

मे १९९८मध्ये टाटाने मुंबईतल्या झोपडवस्त्यांमध्ये काम सुरू केलं. वस्त्यांचे वीस गट, ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका. दहा गटांत तपासणी, दहा गटांत एकदा आजाराची माहिती आणि पुढे नुसती घरोघर विचारपूस. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, नर्स नव्हत्या. प्रशिक्षण देऊन तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. दर दोन वर्षांनी एक फेरी, अशा चार फेऱ्या. त्यानंतरही दर दोन वर्षांनी दार वाजवून चौकशी. याच फेऱ्यांत गर्भाशयाच्या मुखाला पातळ व्हिनेगर लावून डाग दिसतो का, हेही त्याच बघायच्या.

हाताची तपासणी म्हणजे नुसतं चाचपणं नव्हे. माझी तपासणी एका सिस्टरनी अशीच पद्धतशीर केली होती तेव्हा मी मुद्दाम विचारत विचारत समजून घेतली. आधी बसवून बघतात: हात कमरेवर दाबून, मग हात वर करून. कुठे कातडी ओढली जाते का, एक बाजू वेगळी हलते का. मग आडवं झोपवून हात डोक्याखाली. मधल्या तीन बोटांची पेरं, टोकं नव्हेत, नखं काढलेली. एका जागी तीन वेळा दाब, हलका, मध्यम आणि खोल, बरगडी लागेपर्यंत. मग बोटं न उचलता एक बोटभर पुढे. गळ्याच्या हाडापासून खाली, परत वर, उभ्या पट्ट्या पाडत काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत. शेवटी काख आणि गळ्याच्या हाडाच्या वरची खोबण. घाईत होत नाही. त्या सिस्टरचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. नजर मध्ये आली तर बोटांना कमी कळतं म्हणाल्या.

वीस वर्षं. मुंबईतली वस्ती वीस वर्षं जागेवर राहते तरी का? झोपड्या पाडतात, इमारतीत हलवतात, कुणी गावी जातं, कुणाचं लग्न, कुणाची भाडेकराराची मुदत संपलेली. अशा शहरात दीड लाख बायकांचा माग दोन दशकं ठेवणं या एकाच गोष्टीला मी तरी उभी राहून टाळ्या वाजवेन. निकाल छापून आले फेब्रुवारी २०२१मध्ये.

तपासणीच्या गटात कॅन्सर सापडला तेव्हाचं सरासरी वय ५५.१८, दुसऱ्या गटात ५६.५०. म्हणजे घड्याळ सव्वा वर्षाहून जरा जास्त आधी सुरू झालं. तिसऱ्या आणि चौथ्या स्टेजला सापडलेल्या बायका तपासणीच्या गटात ३७ टक्के, दुसऱ्यात ४७ टक्के. इथे थांबून कुणी 'जगण्याची वर्षं' छापली असती तर मोठी बातमी झाली असती. ते थांबले नाहीत, त्यांनी मृत्यू मोजले. एका लाख बायकांमागे वर्षाला तपासणीच्या गटात सुमारे २१, दुसऱ्यात सुमारे २५. पंधरा टक्के घट. पण दोन गटांतल्या मृत्यूदरांच्या गुणोत्तराची (एक आलं तर दोन्हीकडे सारखंच) योगायोगाची शक्यता धरून काढलेली मर्यादा ०.७१ ते १.०१ आली. एकच्या पलीकडे शंभरावा भाग. आमच्या विषयाचा नियम असा की ती मर्यादा एकला ओलांडून गेली तर 'फरक सिद्ध झाला' म्हणता येत नाही. वर्गात मी हे शेकडो मुलांना शिकवलं असेल. पण त्या शंभराव्या भागाकडे बघून घशात काहीतरी अडकल्यासारखं पहिल्यांदाच झालं. वीस वर्षं आणि दीड लाख बायका, आणि शेवटी ०.०१.

मग त्यांनी पन्नाशीच्या वरच्या बायका वेगळ्या काढून बघितल्या. तिथे लाखामागे वर्षाला ३५ मृत्यूंच्या जागी २५. जवळजवळ तीस टक्के कमी, आणि मर्यादाही एकच्या आत. पन्नाशीच्या आतल्यांत असा फरक दिसला नाही. ही फोड निकालानंतर केलेली आहे, आणि निकाल हातात आल्यावर केलेल्या फोडींकडे संशयाने बघावं हेही मी वर्गात शिकवलंय. तरी इथे मी विश्वास ठेवते. वयाची पन्नाशी ही काही त्यांनी सोयीसाठी शोधून काढलेली रेघ नाही. पाळी गेल्यावर स्तनातला ग्रंथींचा घट्ट भाग कमी होऊन गाठ हाताला सहज लागते, आणि मॅमोग्राफीच्या प्रयोगांतही पन्नाशीपुढेच फायदा जास्त ठळक होता. म्हणजे शिकवलेली बोटं पन्नाशीनंतरच्या बायकांत मॅमोग्राफीच्या तोडीचं काम करून गेली, असं समजायला जागा आहे. व्हिनेगरचा निकाल तर आधीच, २०१३ साली लागला होता: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. तो निःसंशय.

प्रयोगावर टीकाही झाली. दुसऱ्या गटातल्या बायकांना तपासणी न देता नुसतं बघत राहणं बरोबर होतं का, असा प्रश्न उठला. गर्भाशयमुखाच्या बाबतीत तो प्रश्न मला टोचतो, कारण तिथे तपासणीचा उपयोग होतो हे जगाला आधीपासून ठाऊक होतं. स्तनाच्या बाबतीत नाही टोचत. हाताच्या तपासणीने जीव वाचतो की नाही हे १९९८ साली कुणालाच माहीत नव्हतं, आणि शांघायसारखा निकाल इथेही लागू शकला असता.

यंत्राचा अनुभव मीही घेतला आहे. जाताना पावडर, डिओ काही लावू नका म्हणून बजावतात; पावडरीचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि ठिपके दिसले की पुढची सगळी चक्रं फिरतात. गार पट्टीवर स्तन ठेवायचा, वरून दुसरी पट्टी दाबत येते, अगदी आई गं होईपर्यंत, मग 'श्वास रोखा'. एकेका बाजूचे दोन दोन फोटो. माझा रिपोर्ट आला 'बायरॅड्स शून्य'. बायरॅड्स म्हणजे मॅमोग्रामच्या निकालाला देतात तो क्रमांक. शून्य म्हणजे निर्दोष असं मी खुशाल समजले असते, पण खाली लिहिलं होतं, आणखी तपासणी आवश्यक. सोनोग्राफीची तारीख मिळेपर्यंतच्या दिवसांत इस्त्रीवाल्याचे कपडे मोजायला घेतले की हिशेब लागेना. निघाली पाण्याची साधी गाठ. हे काही कुणी गैर केलं नाही. चाळणी बारीक असली की असंच व्हायचं. पण जाहिरातीत या दिवसांबद्दल एक ओळ नसते.

धाकटी बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिकडे पन्नास ते त्रेपन्नच्या दरम्यान पहिलं बोलावणं येतं आणि मग सत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी. तिने मला पत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेचे फोटो पाठवले. त्यात सरळ दोन आकडे शेजारी शेजारी छापलेत: तपासणी करून घेणाऱ्या दर २०० बायकांमागे एकीचा जीव वाचतो, आणि तिघींना असा कॅन्सर सापडतो जो एरवी त्यांच्या जिवावर उठला नसता. २०१२ साली तिथल्याच सर मायकेल मार्मट यांच्या समितीने सगळे प्रयोग चाळून जो हिशेब मांडला, तोही असाच होता: पन्नाशीपासून वीस वर्षं बोलावलेल्या दहा हजार बायकांमागे ४३ मृत्यू टळतात, १२९ जणींवर नको असलेले उपचार होतात. पुस्तिकेच्या शेवटी लिहिलंय, निर्णय तुमचा. बहीण जाते तपासणीला. तिची मैत्रीण नाही जात. दोघींनी तीच पुस्तिका वाचलेली आहे, आणि मला दोघींचंही पटतं. अमेरिकेने २०२४मध्ये सुरुवातीचं वय पन्नासवरून चाळीसवर आणलं, एक वर्षाआड. तज्ज्ञांना तेच आकडे दिसतात, पण कुणाला टळलेला मृत्यू मोठा वाटतो तर कुणाला फुकटचं ऑपरेशन.

तपासणी आणि औषध यांच्यातली वाटणीही अजून सुटलेली नाही. अमेरिकेत १९७५ ते २००० या काळात मृत्यू कमी झाले, त्यातलं श्रेय तपासणीचं किती, हे काढायला सात संशोधक गटांना तीच माहिती दिली होती. उत्तरं आली २८ टक्क्यांपासून ६५ टक्क्यांपर्यंत. उरलेलं श्रेय किमोचं आणि मामी रोज घ्यायची तसल्या गोळीचं.

आता आपल्याकडचं. २०२२ या एका वर्षात भारतात अंदाजे १ लाख ९२ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि ९८ हजार गेल्या. अमेरिकेत त्याच वर्षी पावणेतीन लाखांना झाला, सुमारे ४३ हजार गेल्या. आपल्याकडे दोघींमागे एक, तिकडे सहांमागे एक. यातही खोच आहेच: तिकडचे पावणेतीन लाख चाळणीने फुगलेले आहेत, आणि गेलेल्या बायका त्याच वर्षी सापडलेल्या नव्हेत. ती खोच काढून टाकली तरी दरी राहते. आपल्याकडे हा आजार तरुण वयात होतो असंही सारखं ऐकू येतं. त्यातला एक भाग असा की आपली लोकसंख्याच तरुण आहे, म्हणून दवाखान्यात तरुण बायका जास्त दिसतात. त्यावरून पंचविशी-तिशीतल्या मुलींना मॅमोग्राफीचं पॅकेज विकणाऱ्यांना माझा नमस्कार. त्या वयात स्तन इतका घट्ट असतो की फिल्मवर पांढऱ्यात पांढरं शोधावं लागतं.

केंद्र सरकारने २०१६ साली ठरवलं की तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी व्हावी. मॅमोग्राफी नव्हे, हाताने; टाटाच्या निकालाची वाट न बघता घेतलेला निर्णय, पण दिशा बरोबर होती. आणि मग २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारलं, आयुष्यात कधी स्तनाची तपासणी झाली आहे का. हो म्हणणाऱ्या ०.९ टक्के. शंभरात एकही पूर्ण नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये सुरू केलेल्या मोहिमेत तीन गोष्टी मागितल्या: साठ टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या स्टेजला सापडावेत, दाखवल्यापासून साठ दिवसांत निदान पक्कं व्हावं, ऐंशी टक्क्यांचे उपचार पुरे व्हावेत. मला मधली साठ दिवसांची अट सगळ्यात जवळची वाटते. मामीचे साठ दिवस पहिल्या गोळ्यांच्या पाकिटातच गेले होते. तिला गाठ स्वतःच्या हाताने सापडली होती, तिला चाळणीची गरज नव्हती. तिला गरज होती ती सुई टाकणाऱ्या माणसाची, आणि तो पस्तीस किलोमीटरवर होता.

वहिनींना मी एवढंच कळवलं: तुम्ही बावन्नच्या, मॅमोग्राफी करायची तर दोन वर्षांनी एकदा करा, पॅकेजमधल्या बाकीच्या सतरा टेस्ट सोडून द्या, शिकलेल्या हाताची तपासणी मिळत असेल तर तीही घ्या, आणि रिपोर्टमध्ये शून्य आलं तर आधी मला फोन करा. त्यांनी अंगठा पाठवला.

गेल्या दिवाळीत मामाकडे गेले तेव्हा गावची आशाताई फॉर्म भरत आली होती. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा हा फॉर्म असतो. बिडी-तंबाखू, कमरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर, आणि बायकांसाठी वेगळे प्रश्न: छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकारात फरक पडलाय का. मामेभावाच्या बायकोने सगळ्याला 'नाही' म्हणून टाकलं, चहा ठेवता ठेवता. मी आशाताईला विचारलं, कुणी 'हो' म्हटलं तर पुढे काय?

"उपकेंद्राला पाठवायचं. तिथनं प्राथमिक केंद्राला. तिथनं ग्रामीण रुग्णालयाला चिठ्ठी. सोनोग्राफीची तारीख मिळती." ती पेन टोपणात घालत म्हणाली. "पण ताई, चिठ्ठी दिली म्हणून बाई जाती व्हय? घरात म्हणत्यात, दुखतंय का? नाही ना? मग बघू पुढं. मागच्या पावसात एकीचं 'हो' आलं. तिचा नवरा रानात, पोरं पुण्याला. मीच नेलं तिला बार्शीला, यस्टीनं. दोन खेपा झाल्या. त्याचं भाडं कुठल्या फॉर्मात बसत नाही."

"काय निघालं?"

"निघालं व्हतं. पण बारकं व्हतं. ऑपरेशन झालं, आता गोळी चालू हाय," ती म्हणाली, आणि कमरेचा घेर मोजायला टेप घेऊन मामांकडे वळली.